डबीतली डबी

मागच्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेतील कपाटे रिकामी करताना अगदी खालच्या कप्प्यात, जुन्या प्रिंटरच्या वायरींच्या गुंत्याखाली, मला अकरा कॅसेटी सापडल्या. त्या गाण्यांच्या नव्हत्या. तळहातावर जेमतेम मावणाऱ्या, चौकोनी, अंगाने जड, कोपऱ्यात सरकते झाकण असलेल्या, संगणकातील माहिती साठवण्याच्या एलटीओ जातीच्या त्या कॅसेटी होत्या. पुरवठादार त्यांना कार्ट्रिज म्हणतो, पण आमच्याकडे स्टोअरच्या नोंदवहीपासून शिपायांपर्यंत सगळे कॅसेटच म्हणत आले आहेत. प्रत्येकीच्या कडेला माझ्याच अक्षरात लिहिले होते : यीस्ट, कच्चा डेटा, २००९.

त्या सापडल्या म्हणून मला निव्वळ आनंद झाला, असे म्हणणे खोटे ठरेल. मी त्या शोधत होते हे खरे, पण सापडल्या नाहीत तर बरे, असेही मनाच्या कोपऱ्यात कुठेतरी होते. झाले होते असे की माझ्याकडे पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीने उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधून मी २००९ मध्ये तयार केलेला यीस्टचा एक स्ट्रेन, म्हणजे वाण, बाहेर काढला. ग्लिसरॉलमध्ये गोठवलेली ती कुपी इतकी वर्षे त्याच खोक्यात, त्याच खणात पडून होती. तिने टूथपिकच्या टोकाने वरचा बर्फ थोडा खरवडला, प्लेटवर ओढला, आणि दोन दिवसांत पांढऱ्या, गोल, ताकाचा आंबूस वास येणाऱ्या वसाहती उगवून आल्या. मग नव्या पिढीच्या रीतीप्रमाणे तिने त्या स्ट्रेनचे संपूर्ण सिक्वेन्सिंग करून घेतले, म्हणजे त्याच्या डीएनएमधील सगळी अक्षरे वाचून घेतली, आणि एके दिवशी लॅपटॉप उघडाच घेऊन माझ्या टेबलापाशी आली. "मॅडम, तुमची कॅन कॅसेट दोन ठिकाणी दिसते आहे."

कॅन कॅसेट म्हणजे मी त्या स्ट्रेनमध्ये बाहेरून बसवलेला डीएनएचा एक तुकडा. ती एकाच ठिकाणी असायला हवी होती. दुसरी प्रत २००९ पासूनच तिथे होती, की नंतर कोणी तरी स्ट्रेनची सरमिसळ केली आणि कुपीवरचे लेबल तेवढे जुने राहिले, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर फ्रीझरमध्ये मिळणार नव्हते, कारण फ्रीझरमध्ये आज जे आहे तेवढेच कळते. उत्तर त्या अकरा कॅसेटींत होते, कारण त्याच स्ट्रेनचे सिक्वेन्सिंग आम्ही तेव्हाही केले होते.

एक कॅसेट यंत्रात घातली. यंत्राने ती आत ओढून घेतली, क्षणभर घुर्रर्र केले आणि बाहेर ढकलली. दुसरी घातली, तेच. माझ्या कॅसेटी चौथ्या पिढीच्या आहेत. एकेकीत ८०० गिगाबाइट मावतात. एलटीओच्या घराण्यात सातव्या पिढीपर्यंत रीत अशी होती, की यंत्राने आपल्या पिढीच्या आणि मागच्या दोन पिढ्यांच्या कॅसेटी वाचायच्या. आठव्या पिढीत ही माया एका पिढीवर आली. आमच्या संस्थेने मध्यंतरी आठव्या पिढीचे यंत्र घेतले आणि जुने भंगारात काढले. जुन्या कॅसेटी नव्यांवर उतरवून घेण्याचे काम कोणाचे, हे कुणीच ठरवले नव्हते. मीही विचारले नव्हते.

मुलगी म्हणाली, "मॅडम, पेशी जिवंत आणि डेटा मेला, असे कसे?" मी तेव्हा काही बोलले नाही; पण त्या प्रश्नाने मला बराच मागे नेले.

सातारा जिल्ह्यातील आमच्या शाळेत १९८६ साली दोन संगणक आले. 'क्लास' नावाच्या सरकारी योजनेतून देशभरच्या निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश बनावटीचे संगणक मिळत होते, त्यांतले ते दोन. त्याच सुमारास पुण्यात डेसिबेल्स नावाची कंपनी स्पेक्ट्रम हा दुसरा ब्रिटिश संगणक आपल्याकडे बनवून विकत होती, पण तो आम्ही जाहिरातीतच पाहिला. संगणक बंद केला की त्यातले सगळे पुसले जाई, म्हणून प्रोग्राम साठवायला शेजारी टेपरेकॉर्डर ठेवलेला असे, साधा, गाणी ऐकण्याचा. त्यातली युक्ती १९७५ साली अमेरिकेत कॅन्सस सिटीला जमलेल्या हौशी मंडळींनी ठरवलेल्या पद्धतीवर बेतलेली होती : शून्य असेल तर १२०० हर्ट्झचा स्वर, एक असेल तर २४०० हर्ट्झचा. म्हणजे संगणक जे बोलायचा ते एक सप्तक वरखाली उड्या मारत, सेकंदाला १२०० शून्य-एकांच्या वेगाने. माणसाच्या कानाला ती नुसती किंचाळी वाटे. साठ मिनिटांच्या कॅसेटीत फार तर चार लाख अक्षरे मावत. कपाटात सापडलेल्या एकेका कॅसेटीत त्याच्या सुमारे २० लाख पट मावतात.

कोऱ्या कॅसेटी महाग होत्या, म्हणून आमच्या सरांनी घरची अभंगांची एक कॅसेट आणली. विकत घेतलेल्या कॅसेटीच्या पाठीवरचे दोन प्लास्टिकचे दात मोडलेले असत, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही भरता येऊ नये. पण त्या भोकांवर चिकटपट्टी लावली की यंत्राची फसवणूक होई, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक होते. (पेन्सिल घालून फीत गुंडाळण्याची आठवण मी इथे सांगत नाही, ती सगळ्यांनी सांगून झाली आहे.) मी पाढे विचारणारा एक प्रोग्राम लिहिला आणि तो बी बाजूला, अभंगांच्या मधेच कुठेतरी, भरून ठेवला. काट्यावरचा आकडा टिपून ठेवायला विसरले.

पुढच्या शनिवारी फीत अंदाजाने मागे नेली आणि टेप सुरू केला. पडद्यावर शब्द उमटला, 'सर्चिंग'. प्लग अर्धवट बाहेर ओढलेला असल्याने स्पीकरही चालू होता, आणि त्यातून मृदंगासह अभंग सुरू झाला. संगणकाला तो ऐकू येत होता, म्हणजे विजेच्या रूपाने त्याच्यात शिरत होता, पण त्याला त्यात काहीच सापडत नव्हते. तो 'सर्चिंग' म्हणत बसून राहिला. मी फीत पुढे न्यायला हात घातला तेव्हा सरांनी थांबवले. "राहू दे गं. त्याला ऐकू येत नाही, तर आपण ऐकू." आणि ते डोळे मिटून टेबलावर बोटांनी ठेका धरून बसले. एक चरण अर्ध्यावर आला असताना तो तुटला आणि माझा प्रोग्राम किंचाळू लागला. सरांचा चेहरा कडू झाला. पडद्यावर मात्र लगेच उमटले, 'लोडिंग', आणि त्याच्यापुढे प्रत्येक तुकड्याचा आकडा. एका ठिकाणी आवाज खरखरला तेव्हा 'डेटा?' असा प्रश्न विचारून त्याने फीत मागे न्यायची सूचना केली. तेवढ्या तुकड्यासाठी थोडे मागे गेले की पुरे. बाकीचे आलेले तो विसरत नसे. आजच्या कित्येक प्रणालींपेक्षा तो समजूतदार होता, असे माझे मत आहे.

कॅसेट या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ लहानशी पेटी, डबी. फिलिप्स कंपनीने १९६३ साली आपली कॅसेट बाजारात आणली, तेव्हा ती घडवणाऱ्या लू ऑटेन्स यांनी आधी कोटाच्या खिशात बसेल असा लाकडाचा ठोकळा करून घेतला होता, म्हणजे आतले यंत्र ठरण्याआधी बाहेरचे माप ठरले. पुढे कंपनीने तिचे परवाने फुकट दिले, म्हणून जपानात भरलेली कॅसेट साताऱ्यातल्या टेपमध्ये बसू शकली. कॅसेटची सारी करामत मला तिथे दिसते : कडा ठरलेल्या, आत काय आहे याची कडांना फिकीर नाही. पण याची दुसरी बाजू अशी, की कॅसेट एकटी असताना मुकी असते. तिला कुठल्या खाचेत बसवले, त्या खाचेसमोरचे यंत्र कशाला आवाज समजते, त्यावर ती अभंग होणार, पाढे होणार की कपाटातले ओझे होणार, हे ठरते.

चंद्राच्या बाबतीत हेच घडले होते. अमेरिकेच्या लूनर ऑर्बिटर यानांनी १९६६ आणि १९६७ साली चंद्राचे जे फोटो पाठवले, ते सुमारे दीड हजार मोठ्या फितींवर साठवलेले होते. त्या कॅसेटी नव्हत्या, उघड्या चाकांवरच्या फिती होत्या; पण व्यथा तीच. फिती जपल्या गेल्या आणि त्या वाचणारी अँपेक्सची यंत्रे नाहीशी होऊ लागली. नासातल्या नॅन्सी इव्हान्स या बाईंनी कपाटाएवढी ती यंत्रे वर्षानुवर्षे आपल्या घराच्या गॅरेजमध्ये सांभाळली, म्हणून २००८ साली काही मंडळींना कॅलिफोर्नियात, एका बंद पडलेल्या मॅकडोनाल्डच्या दुकानात ती दुरुस्त करून फिती वाचता आल्या. फिती जपणे हे नेमून दिलेले काम होते. यंत्र जपणे हे एका बाईने अंगावर घेतलेले.

आता यीस्टकडे येते. कॅसेट हा शब्द मी दुसऱ्यांदा शिकले तो १९९४ साली पुण्यात, आणि यीस्टच्या संदर्भात. पाव फुगवणारे, दारू आंबवणारे हे यीस्ट एकपेशीय असले तरी त्यात दोन जाती असतात, ए आणि अल्फा, आणि भिन्न जातीच्या पेशींचाच संकर होतो. गंमत अशी, की रानटी यीस्टची पेशी आपली जात बदलते, आणि तेही जवळजवळ दर पिढीला. एकदा विभाजन झालेली आई जात बदलते, नुकती जन्मलेली मुलगी मात्र स्वतः आई होईपर्यंत बदलत नाही. जनुक म्हणजे दगडावरची रेघ, असे शिकून आलेल्या आम्हा मुलांना हे फार विचित्र वाटले होते.

याचा उलगडा १९७७ साली ऑरेगन विद्यापीठातील आयरा हर्स्कोविट्झ, जेम्स हिक्स आणि जेफ्री स्ट्रॅदर्न यांनी मांडला, आणि त्यांनी त्याला नावच दिले कॅसेट मॉडेल. यीस्टच्या तिसऱ्या गुणसूत्रावर मध्यभागी एक जागा असते, तिला मॅट म्हणतात. तिथे जे बसलेले असेल ती त्या पेशीची जात. पण त्याच गुणसूत्राच्या डाव्या टोकाशी अल्फाची आणि उजव्या टोकाशी ए-ची अशी एकेक पूर्ण प्रत ठेवलेली असते, आणि त्या दोन्ही प्रती मुक्या असतात. पेशीला जात बदलायची वेळ आली की एचओ नावाचे विकर मॅटच्या जागी डीएनएचा धागा कापते, आणि तो सांधताना पेशी टोकाच्या मुक्या प्रतीवरून नक्कल करून घेते. दहापैकी जवळपास नऊ वेळा नेमकी विरुद्ध जातीची. टोकाची मूळ प्रत जागच्या जागी राहते. म्हणजे मॅट हा टेपरेकॉर्डर, आणि दोन्ही टोकांना फडताळात ठेवलेल्या दोन कॅसेटी.

हे नुसते रूपक नाही याचा पुरावा मला आजही देखणा वाटतो. मॅटच्या जागी मोडकी, निकामी झालेली अल्फा प्रत असलेली पेशी घ्यायची. तिला ए होऊ द्यायचे, आणि तिथून पुन्हा अल्फा. जात बदलणे म्हणजे त्याच जागेवरची एखादी कळ वरखाली करणे असते, तर परत आलेली अल्फाही मोडकीच असायला हवी होती. ती धडधाकट निघाली. मोडकी कॅसेट पेशीने फेकून दिली होती आणि फडताळातल्या चांगल्या प्रतीवरून नवी भरून घेतली होती. पुढे कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळेत हिक्स आणि स्ट्रॅदर्न यांच्याबरोबर ज्यांनी हे डीएनएच्या पातळीवर पक्के केले, त्यांत पंजाबातून तिकडे गेलेले अमर क्लार होते; आमचे गाइड त्यांचे नाव घेताना आवाज थोडा चढवत.

पण गाइड सर खरे थांबत ते एका वेगळ्याच ठिकाणी. टोकाच्या त्या दोन कॅसेटी मुक्या का? त्यांच्यात काही उणे आहे का? तर नाही, जनुक सुरू करणारा प्रमोटरसुद्धा त्यांच्यात आहे. अक्षरे तीच, तरी मधल्या जागी बोलतात आणि टोकाला गप्प बसतात, कारण टोकाच्या जागांवर सर नावाची प्रथिने डीएनए घट्ट आवळून धरतात. (आम्ही गाइडना सर म्हणत असल्याने या नावावरून जे विनोद व्हायचे ते व्हायचेच.) ही प्रथिने बिघडली की दोन्ही कॅसेटी एकदम वाजू लागतात, पेशी स्वतःला एकाच वेळी ए आणि अल्फा समजते आणि कोणाशीच संकर करत नाही.

यानंतर आम्ही स्वतःच कॅसेटी करू लागलो. हाताने केलेल्या कॅसेटींत यीस्टवाल्यांची सर्वांत लाडकी म्हणजे कॅन कॅसेट. सुमारे दीड हजार अक्षरांचा हा डीएनएचा तुकडा; मध्यभागी जीवाणूकडून घेतलेले, जी-४१८ या औषधापासून वाचवणारे जनुक, आणि त्याच्या दोन्ही अंगांना कापसावर वाढणाऱ्या एका बुरशीकडून घेतलेले, ते जनुक सुरू आणि बंद करणारे तुकडे. यीस्टमधले एखादे जनुक काढून टाकायचे असेल तर या कॅसेटीच्या दोन्ही टोकांना, त्या जनुकाच्या अलीकडची आणि पलीकडची ४५-४५ अक्षरे शेपट्यांसारखी जोडायची. पेशी त्या शेपट्या ओळखते, कॅसेट नेमकी तिथे बसवते आणि मूळ जनुक बाहेर पडते. आतली कॅसेट तीच. शेपट्या बदलल्या की पत्ता बदलला. याच पद्धतीने जगभरच्या प्रयोगशाळांनी मिळून यीस्टच्या जवळपास ६००० जनुकांपैकी जवळजवळ प्रत्येकाच्या जागी कॅन कॅसेट बसवून पाहिली आणि प्रत्येक स्ट्रेनला ओळखीची २० अक्षरे दिली.

निसर्गात हा धंदा आपल्या आधीपासून चालत आलेला आहे. सिडनीच्या हॅच स्टोक्स आणि रूथ हॉल यांनी १९८९ साली जीवाणूंमध्ये इंटेग्रॉन नावाची व्यवस्था ओळखली. तिच्यात एक ठरलेली खाच असते आणि तिच्यात एकामागोमाग जनुकांच्या कॅसेटी बसत जातात. कोणी स्ट्रेप्टोमायसिनला निकामी करणारी, कोणी ट्रायमेथोप्रिमला. यांतल्या बहुतेक कॅसेटींना स्वतःचा प्रमोटर नसतो. मोकळ्या फिरताना त्या गप्प असतात. खाचेत बसल्यावर खाचेचा प्रमोटर त्यांना बोलते करतो, आणि त्यातही जी त्याच्या जवळ तिचा आवाज मोठा. इस्पितळातल्या औषधांना न जुमानणारे कितीतरी जीवाणू अशा कॅसेटी जमवूनच तसे झालेले आहेत. आम्ही बोटे मोजत एक कॅसेट बसवतो. पटकीच्या जीवाणूच्या दुसऱ्या गुणसूत्रावर दीडशेच्या वर बसलेल्या आहेत.

२००९ साली माझा स्ट्रेन मी स्वतःच्या हातांनी केला होता. सामन माशापासून काढलेला डीएनए उकळून बर्फात गार केला, पेशींना लिथियम ॲसिटेटमध्ये भिजवले, कॅसेट घातली, ४२ अंशांच्या पाण्यात नळ्या बुडवल्या, आणि तीन दिवसांनी जी-४१८ च्या प्लेटवर सात वसाहती आल्या. चौथी निवडली. कॅसेट योग्य जागी बसली आहे का, हे पीसीआर करून, म्हणजे डीएनएच्या नेमक्या तेवढ्याच भागाच्या प्रती काढून, पाहिले. बसली होती. स्ट्रेन मंद वाढत होता, म्हणून काढून टाकलेले जनुक वाढीसाठी गरजेचे, असा निष्कर्ष काढला आणि तो एका शोधनिबंधात दोन परिच्छेद व्यापून छापलाही गेला.

पीसीआर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. कॅसेट इथे आहे का, या प्रश्नाला त्याने हो म्हटले. ती आणखी कुठे आहे का, हे मी विचारलेच नव्हते.

विचारण्याची पद्धत मला माहीत नव्हती, अशातला भाग नाही. एडविन सदर्न यांची १९७५ ची पद्धत आम्ही पुण्यात अक्षरशः घाम गाळून शिकलो होतो, आणि तिच्यासाठी आणखी एक कॅसेट लागे. एक्स-रे फिल्मची ही कॅसेट म्हणजे ॲल्युमिनियमची सपाट पेटी, मागे खटक्यांचे झाकण, आत दोन्ही अंगांना पांढरे पडदे. डीएनए कापून, जेलवर पसरून, पटलावर उतरवून त्यावर, शोधायच्या तुकड्याला नेमका चिकटणारा, किरणोत्सारी फॉस्फरसचा शोधक लावायचा. तो हैदराबादच्या जोनाकी या अणुऊर्जा खात्याच्या प्रयोगशाळेतून येई, आणि जोनाकी म्हणजे काजवा हे आम्हाला एका बंगाली सहाध्यायीने सांगितल्यापासून शिशाच्या डबीतून येणाऱ्या त्या पार्सलाला आम्ही काजवे आले असेच म्हणत असू. मग अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याच्या उजेडात, पटलावर फिल्म ठेवून कॅसेट बंद करायची आणि उणे ७० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवून द्यायची. काजव्यांची निम्मी शक्ती १४ दिवसांत जाते, म्हणून घाई करायची. आणि फिल्म पुरती उजळलेली नसते, म्हणून धीर धरायचा. फ्रीझरमधून बाहेर काढल्यावर कॅसेटवर दंव साचे, खटके बोटांना चिकटत, आणि डेव्हलपरच्या ट्रेमध्ये फिल्म हलवताना हळूहळू काळे पट्टे उमटत. एक कॅसेट असेल तर एक पट्टा. दोन असतील तर दोन. इतके सरळ. पण २००९ पर्यंत आम्ही सगळे पीसीआरवाले झालो होतो. सदर्नचा आठवडा कोणाला परवडत नव्हता.

जुने यंत्र शेवटी गावातल्याच दुसऱ्या एका संस्थेकडून उसने मिळाले, सहाव्या पिढीचे. तिथल्या सिस्टीम विभागातील गृहस्थांनी ते देताना सही घेतली आणि वर तोंडीही बजावले, "मॅडम, सोमवारी हं." अकरा कॅसेटींपैकी दहा वाचल्या गेल्या. अकरावी निघाली यंत्र पुसण्याची साफसफाईची कॅसेट. तिच्यावरही मी यीस्ट असेच लिहिले होते. दहा कॅसेटी वाचायला दोन दिवस गेले. आतली फीत अर्ध्या इंचाची, ८२० मीटर लांब. ती शेवटपर्यंत जाते, थांबते, उलट दिशेने येते, आणि असे ५६ वेळा. त्या फेऱ्यांचा आवाज अंगाई म्हणावा इतका एकसुरी आहे. कॅसेटीवरच्या फाइली टार नावाच्या पद्धतीने बांधलेल्या होत्या, आणि हे नाव टेपवरूनच पडले आहे, हे आज ती पद्धत रोज वापरणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांच्या गावीही नसते.

वाट बघताना मुलीने मला चीनमधल्या शेन्झेनच्या संशोधकांची बातमी दाखवली. डीएनएच्या अक्षरांत माहिती लिहून ठेवण्याचे प्रयोग हार्वर्ड आणि इंग्लंडमधील हिंक्स्टन इथे २०१२-१३ मध्ये झालेच होते. या मंडळींनी २०२५ मध्ये तसा डीएनए प्लास्टिकच्या फितीवर चढवून ती फीत चक्क कॅसेटीत भरली आहे. तिला ते फार आवडले. मला आवडले की नाही हे सांगता येत नाही. डीएनए वाचण्याची कला माणूस विसरणार नाही, हा त्या बाजूचा नेहमीचा युक्तिवाद असतो आणि तो मला पटतो. पण वाचण्याची कला आणि शेजारच्या खोलीतले चालू यंत्र या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या आठवड्यात मला कोणी शिकवायची गरज नव्हती. फ्रीझरमधले यीस्ट टूथपिकच्या टोकावर जागे झाले, ते त्याच्या अक्षरांमुळे नव्हे. अक्षरांबरोबर ती वाचणारी सगळी यंत्रसामग्री त्याच पेशीत, त्याच ग्लिसरॉलमध्ये गोठून पडली होती. यीस्ट कॅसेट ठेवते तेव्हा टेपरेकॉर्डरसकट ठेवते. मुलीच्या त्या दिवशीच्या प्रश्नाचे उत्तर मला द्यायचे असते तर ते हे होते.

२००९ चे सिक्वेन्सिंग ३६-३६ अक्षरांच्या तुकड्यांत झालेले होते. तेव्हा आम्ही ते तुकडे यीस्टच्या छापील जनुकसंचावर, त्या सव्वा कोटी अक्षरांच्या नकाशावर, बसवले होते. जे बसले त्यांचा विचार केला आणि जे बसले नाहीत ते एका वेगळ्या फाइलीत टाकून दिले. नकाशात कॅन कॅसेट नसतेच, ती आपण बाहेरून घातलेली. त्यामुळे कॅसेटीविषयी बोलणारे सगळे तुकडे त्या टाकलेल्या फाइलीत गेले होते आणि ती फाइल कोणीही उघडली नव्हती.

ती आम्ही उघडली. कॅसेटीचे टोक शोधून भागत नाही, कारण त्याच्यापुढे शेपटी असते आणि चुकीच्या जागी बसलेली कॅसेटही बहुधा आपली शेपटी बरोबर घेऊन बसते. म्हणून शेपटीच्या टोकाची शेवटची १८ अक्षरे घेतली आणि सगळ्या फाइलींत त्यांच्यापुढे काय येते ते विचारले. पडद्यावर ओळी सरकू लागल्या. पुष्कळ ओळींत पुढची १८ अक्षरे अपेक्षित शेजाऱ्याची होती. आणि मधून मधून, सहज नजर चुकावी अशी, दुसरीच १८ अक्षरे. मुलीने ती नकाशात शोधली. गुणसूत्र वेगळे होते. आणि कॅसेट जिथे घुसली होती, ते जनुकही वाढीशी संबंध असलेले होते.

म्हणजे सरमिसळ कोणी केली नव्हती. लेबल बरोबर होते. स्ट्रेन पहिल्या दिवसापासून असाच होता आणि छापलेल्या दोन परिच्छेदांत तो ज्या कारणाने मंद वाढतो असे मी म्हटले होते, ते कारण खरे असेलही, नसेलही. मुलगी काही बोलली नाही. तिने चहा आणायला जाऊ का, असे विचारले, आणि मला ते बरे वाटले.

सगळा डेटा नव्या कॅसेटींवर उतरवला. उसने यंत्र सोमवारी परत करायचे होते, ते मी अजून केलेले नाही. त्या गृहस्थांचे दोन फोन येऊन गेले आहेत, आणि तिसऱ्याला काय सांगायचे हे ठरवते आहे.

निबंधातली दुरुस्ती पाठवण्याआधी सदर्न करू, असे मी सुचवले. काजवे आता लागत नाहीत. शोधकाला प्रकाश देणारे रसायन लावता येते आणि तो प्रकाश टिपणारी यंत्रेही आहेत, पण मला फिल्मच हवी होती. अंधारी खोली आता खुर्च्या ठेवायला वापरतात. तिथे फळीवर एक्स-रे कॅसेट मिळाली, एक खटका गंजलेला, आतले पडदे अजून पांढरेस्वच्छ. मुलीने अशी कॅसेट कधी हातात धरली नव्हती. खुर्च्या बाहेर काढल्या, लाल दिवा शोधला, फिल्म कशी ठेवायची ते तिला दाखवले आणि खटका बसेना म्हणून कॅसेट दोन जाड वह्यांखाली दाबून ठेवली.

अर्ध्या तासाने फिल्म धुतली. पट्टे दोन होते. एक अपेक्षित जागी, दुसरा त्याच्या थोडा वर, तितकाच ठसठशीत.